लेगोचे सुतार ओले कर्क क्रिस्टियनसेन

७५४१ तुकड्यांचे ‘स्टार वॉर्स’मधील मिलेनियम फाल्कन यान जोडून काचेच्या कपाटात मांडणारे हौशी लोक आहेत. या लेगो विटांचे जनक डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियनसेन (१८९१-१९५८). १९२४ मध्ये त्यांचे घर व कारखाना जळाला. मंदीत कामे आटली, १९३२ मध्ये पत्नी वारली, पदरी चार मुलगे. त्याच वर्षी त्यांनी लाकडी खेळणी सुरू केली.

मुलाने एकदा बदकांना तीनऐवजी दोनच हात वॉर्निश दिले. ओलेंनी सगळी बदके परत आणवून तिसरा हात द्यायला लावला. आम्हाला हा प्रसंग फार आवडतो.

१९४२ मध्ये पुन्हा आग लागली. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या, पण नीट धरत नसत. घट्ट बसणाऱ्या विटेची पेटंटसाठी नोंद जानेवारी १९५८ मध्ये झाली. मार्चमध्ये ओले वारले.