रेव्हरंड टिळक आणि त्यांची भजने

जखमी पक्षिणीची व्यथा सांगणारी 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आमच्या विद्यार्थ्यांच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींना बहुधा मुखोद्गत असेल. वाशीमकडील उपासनामंदिरांतून जी मराठी भजने आपण गातो, त्यांतील पुष्कळ याच कवीची आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे पोटापाण्यासाठी ते नागपुरास आले. तेथून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी संस्कृत काव्याविषयी त्यांचे संभाषण झाले. निरोप घेतेवेळी त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचे नेत्र भरून आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाने त्यांचे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलास घेऊन कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या व १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ख्रिस्ती मंडळ्यांत गाइली जाणारी बरीच गीते इंग्रजीवरून भाषांतरित असून त्यांच्या चालीही विलायती असत. टिळकांनी अभंग, ओवी व पदे रचून प्रभूचे स्तवन मराठी मनाच्या वळणावर आणले. ख्रिस्ती कीर्तनाचाही त्यांनी मोठा पुरस्कार केला. तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. 'उपासना-संगीत' या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत.

ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावे या हेतूने त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. परंतु थोडेच अध्याय होतात न होतात तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ते अपुरे कार्य लक्ष्मीबाईंनी शिरावर घेतले. त्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. अक्षरओळख पतीनेच करून दिली होती. अशा त्या माउलीने साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही निवर्तल्या, तेव्हा अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. धर्मांतराने जे कुटुंब एकदा विभागले गेले, त्यातील तिघांच्या लेखणीतून हा एक ग्रंथ सिद्ध झाला.

बालमित्रहो, उद्या प्रार्थनेच्या वेळी भजनसंग्रह उघडाल तेव्हा गीताखालील कवीचे नावही अवश्य वाचा. तेथे टिळकांचे नाव आढळल्यास त्या आगगाडीचे आणि त्या माउलीचे क्षणभर स्मरण करा, एवढीच आमची विनंती.