दामलेमामांकडे ‘अनडू’ नव्हतं

लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयच्या समोरून तुम्ही शंभरदा गेला असाल. ती जागा मुळात प्रभात फिल्म कंपनीची. आणि प्रभातच्या बोलपटांचा आवाज टिपणारे होते विष्णुपंत दामले, म्हणजेच दामलेमामा.

जन्म १८९२चा, पेणचा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे ते तयार झाले. १९२९मध्ये शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी प्रभात काढली. तोवर भारतीय सिनेमा मुकाच होता. १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलपट झाला, तेव्हा ध्वनिमुद्रण सांभाळलं दामलेमामांनी.

तेव्हा आवाज फिल्मवरच उमटायचा, प्रकाशाच्या बारीक पट्टीसारखा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १८ इंच सरकायची. मूकपट सहसा याहून सावकाश चालायचे. बोलपटांसाठी वेग पक्का केला गेला, कारण उंच स्वर नीट उमटायला फिल्मवर जागा लागते.

आता तुमच्या लॅपटॉपकडे या. प्रोजेक्ट ४४,१०० सॅम्पल्सचा असेल, तर त्यात २२,०५० हर्ट्झपर्यंतच आवाज मावतो. सॅच्युरेशन प्लगइनमध्ये १२,००० हर्ट्झचा स्वर टाकला, की ३६,०००चा उपस्वर तयार होतो. तो मावत नाही. पण गप्प न बसता उलटा दुमडून ८,१०० हर्ट्झवर येऊन बसतो! झांजेवर सॅच्युरेशन लावल्यावर जो बेसूर, पत्र्यासारखा खडखडाट येतो ना, तो बऱ्याचदा हाच. इक्यू लावूनही तो नीट निघत नाही, कारण खऱ्या आवाजात मिसळलेला असतो.

प्लगइनमधलं ‘४ एक्स ओव्हरसॅम्पलिंग’ बटण आधीच जागा वाढवतं. आतल्या आत १,७६,४०० सॅम्पल्सवर काम होतं, जास्तीचे उपस्वर गाळले जातात, मग आवाज मूळ रेटवर येतो. प्रोसेसर मात्र धापा टाकतो. म्हणून सॅच्युरेशन, क्लिपर, लिमिटर एवढ्यांनाच लावा आणि शक्यतो एक्स्पोर्टच्या वेळी. साध्या पॅनिंगला, व्हॉल्यूमला काही गरज नाही, उगाच पंखा गरगरेल.

दामलेमामांना ही चैन नव्हती. बिघडलेला टेक म्हणजे फिल्म वाया आणि सगळे पुन्हा उभे. १९३३मध्ये प्रभात पुण्यात आली. १९३६मध्ये फत्तेलालांसोबत त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. दामलेमामा १९४५मध्ये गेले. त्याच आवारात आज साउंडचा अभ्यासक्रम चालतो.