बॅरिस्टर वानखेडे आणि तिकिटांचा तंटा

गेल्या उन्हाळ्यात भालकीस मामांच्या घरी आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. भालकी हे बीदर जिल्ह्यातील गाव. माझ्या मातुःश्रींचे माहेर तेथले. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी, असा तेथल्या जुन्या मराठी कुटुंबांचा रिवाज आहे. संध्याकाळी मामांची नातवंडे माझ्यापाशी बसून पेटीवर अलंकार घोटीत. एके दिवशी मात्र मुंबईचा क्रिकेट सामना दूरचित्रवाणीवर चालू होता आणि पेटीकडे कोणी फिरकेना. तेव्हा मीही सूर सोडून सामना पाहत बसलो. मैदानाला ज्यांचे नाव आहे ते वानखेडे कोण, असे मी थोरल्यास सहज विचारले. त्याने ते मुंबईतल्या एखाद्या पेठेचे नाव असावे असे सांगितले. धाकटीला ते मैदानाच्या मालकाचे आडनाव वाटत होते. मामा नुसते हसले.

माणूस विसरला जावा आणि नाव मात्र रोज लाखोंच्या तोंडी असावे, हे भाग्य म्हणावे की दुर्दैव, मला ठरविता येत नाही. परंतु कै. शेषराव कृष्णराव वानखेडे यांची गोष्ट आपल्या इंदूरच्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. कारण ती मुळात तिकिटांच्या तंट्याची गोष्ट आहे, आणि असा तंटा आपल्या गावानेही पाहिला आहे.

त्यांचा जन्म १९१४ सालचा आणि कर्मभूमी नागपूर. विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि परत येऊन सार्वजनिक कामात पडले. नागपूर महानगरपालिका स्थापन झाल्यावर तिचे पहिले महापौर तेच. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आली. राज्य पुनर्रचनेच्या त्या एका दिवसाने कितीतरी मराठी घरांचे पत्ते बदलले. आपले मध्यभारत राज्य मध्यप्रदेशात विलीन झाले. नागपूरची राजधानी गेली आणि विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला. निजामी मुलखातील बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, तर भालकीसह उरलेला बहुतेक भाग आणि शेजारचा बहुतेक गुलबर्गा जिल्हा, म्हणजे आजचा कलबुर्गी, म्हैसूर राज्यात गेला. मामांचे घर या बाजूला राहिले आणि त्यांची सोयरीक त्या बाजूला. त्याच रेघेने नागपूरच्या पुढाऱ्यांची वाट भोपाळला न जाता मुंबईला वळली. ती वळली नसती, तर मुंबईच्या मैदानावर आज दुसरेच कोणाचे नाव असते.

मुंबईस वानखेडे यांनी कळमेश्वर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, मंत्री म्हणून अर्थखाते सांभाळले, आणि १९७२ ते १९७७ या काळात ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. राजकारणाचा हा भाग मी येथेच सोडतो. त्यांचे दुसरे अध्यक्षपद मुंबई क्रिकेट असोसिएशनचे. ते साठीच्या दशकात त्यांच्याकडे आले आणि दीर्घकाळ राहिले. त्याच खुर्चीवर बसून त्यांना तो तंटा लढावा लागला.

तंटा समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. चर्चगेटजवळचे ब्रेबोर्न स्टेडियम हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. क्लब १९३३ सालचा आणि मैदान खुले झाले १९३७ साली. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर, राजेरजवाड्यांच्या व धनिकांच्या आश्रयाने उभे राहिलेले ते देखणे मैदान होते, याबद्दल वाद नाही. पण ते एका क्लबाचे मैदान होते. क्लबाच्या सभासदांची जागा आधी, मग इतरांची. मैदान उघडले त्याच वर्षी हिंदू जिमखान्याने जागांच्या वाटणीवरून रुसून पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतले होते. म्हणजे वानखेडे यांनी जे भांडण पुढे चालविले, ते त्या इमारतीइतकेच जुने होते.

१९४८ पासून १९७३ पर्यंत मुंबईतील सारे कसोटी सामने याच मैदानावर झाले. मैदान क्लबाचे आणि सामना भरविण्याचा अधिकार असोसिएशनचा, अशी ही भागीदारी होती. असोसिएशनला जोडलेले शेकडो लहानमोठे क्लब मुंबईत होते व आहेत. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना ही त्यांतली ठळक नावे. इतर कितीकांचे कार्यालय म्हणजे मैदानावरचा एक तंबू किंवा कोणाच्या तरी चाळीतली एक ट्रंक. पावसाळ्यात चिखलातून कांगा लीगचे सामने खेळविणारे, खेळपट्टीवर रोलर फिरविणारे, पोरांना उसन्या पॅडांवर उभे करणारे लोक ते हेच. कसोटी सामना आला की या मंडळींस आपल्या सभासदांसाठी तिकिटे हवी असत, आणि ती असोसिएशनच्या वाट्यातूनच मिळत. तो वाटा किती असावा, यावरून दर सामन्याच्या आधी पत्रे जात, बैठका होत, थोडे मिळे, पुष्कळ नाकारले जाई. क्लबाचे म्हणणे असे, की मैदान आम्ही बांधले, त्याची निगा आम्ही राखतो, आणि आमच्या सभासदांचा हक्क आम्ही कसा सोडावा? असोसिएशनचे म्हणणे, की खेळाडू आम्ही घडवितो, त्या खेळाडूंना घडविणाऱ्यांनी रस्त्यावर उभे राहून टाळ्या ऐकाव्या काय?

मला यात दोन्ही बाजू कळतात. माझे वडील येथल्या दरबारच्या शेवटच्या पिढीतले गवई. दरबारात तिकीट नव्हते, मानाप्रमाणे जागा होती. ज्याचा दिवाणखाना त्याची बैठक, हे तेथे सर्वांना मान्य असे. पुढे तिकिटे लावून जलसे होऊ लागले तेव्हा चार आणे देणारा श्रोताही वाहवा करण्याचा हक्क घेऊन आला, आणि वडिलांना तो आवडे. ब्रेबोर्नवर मला वाटते दरबारही होता आणि तिकीटही होते, आणि दोघांचे जमत नव्हते.

१९७२ नंतर हे प्रकरण हातघाईवर आले. आमदारांचा एक मदत-सामना ब्रेबोर्नवर व्हावा, अशी विनंती घेऊन वानखेडे काही तरुण आमदारांसह क्लबाच्या अध्यक्षांकडे गेले, असे सांगतात. अध्यक्ष होते विजय मर्चंट. तेथे नकार मिळाला, शब्दाने शब्द वाढला, आणि आम्ही आमचे मैदान बांधू, असे सांगून वानखेडे उठले. मर्चंटांना ते खरे वाटले नाही, असेही सांगतात. येथे मर्चंटांवर अन्याय होऊ नये म्हणून लिहितो, की ते आपल्या काळचे थोर फलंदाज. १९७१ साली निवडसमितीचे अध्यक्ष असताना आपले निर्णायक मत देऊन अजित वाडेकरांना कप्तान केले ते त्यांनीच. ते आपल्या संस्थेचे हित पाहत होते. पण समोर बसलेला माणूस विधानसभेचा अध्यक्ष आहे आणि त्याच्या मागे शंभर तंबू उभे आहेत, हा हिशेब त्यांनी केला नाही.

ब्रेबोर्नपासून चालत दहा मिनिटांवर, पश्चिम रेल्वेचे रूळ आणि मरीन ड्राइव्ह यांच्यामधल्या जागेवर नवे मैदान सुरू झाले. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. वास्तुशिल्पकार शशी प्रभू तेव्हा अगदी तरुण. सुमारे तेरा महिन्यांत बांधकाम उभे राहिले. वानखेडे यांचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र मला गिळता येत नाही. १९७२ च्या दुष्काळाला फार दिवस झाले नव्हते. मराठवाड्यात आणि आमच्या आजोळच्या मुलखात लोक खडी फोडून पोट भरत होते, त्याची आठवण मामा अजून काढतात. त्या दिवसांत शहरातल्या एका चांगल्या मैदानाशेजारी दुसरे मैदान बांधणे हा अहंकाराचा भाग होता, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. क्लबाने तिकिटांचा वाटा थोडा सैल सोडला असता तर हा खर्च वाचला असता, हेही तितकेच खरे.

पहिला कसोटी सामना २३ जानेवारी १९७५ रोजी सुरू झाला. समोर वेस्ट इंडिज, मालिका दोन-दोन अशी बरोबरीत. माझे वडील त्या सुमारास बीदरला एका घरी शिकवणीसाठी राहिले होते. त्या घरी मोठा रेडिओ होता, आणि शिकवणीच्या वेळी तो बंद ठेवण्याचा नियम त्या आठवड्यात गुरूनेच मोडला, असे ते हसून सांगत. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे द्विशतक पुरे झाले तेव्हा एक तरुण त्याचे अभिनंदन करण्यासाठी धावत मैदानात शिरला आणि पोलिसांनी त्याला चोपले. ते पाहून प्रेक्षक खवळले, नासधूस झाली आणि खेळ थांबला. रेडिओवरून आलेला तो गोंगाट वडिलांना पुष्कळ वर्षे आठवत असे. सोलकरने शतक केले, गावसकर ८६ धावांवर बाद झाला, तरी आपण २०१ धावांनी हरलो. पतौडीच्या नबाबांचा तो शेवटचा कसोटी सामना.

जे मैदान प्रेक्षकांच्या जागेसाठी बांधले, त्याच्या पहिल्याच सामन्यात एक प्रेक्षक मार खातो, याला काय म्हणावे? मला तर त्यात या साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. वानखेडे यांनी भांडून मिळविली ती जागा क्लबांची होती. तंबूतल्या मंडळींना त्यांनी छप्पर दिले, हे लहान काम नव्हे. परंतु ज्याचा कोणताच क्लब नाही, जो नुसता रांगेत उभा राहतो, तो त्या वाटाघाटीत कोणाच्याच बाजूने बसलेला नव्हता. २०११ सालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना २ एप्रिल रोजी तेथे झाला. नव्याने बांधलेल्या मैदानात सुमारे ३३,००० जागा होत्या. त्यांतली फार मोठी वाटणी असोसिएशनला जोडलेल्या क्लबांकडे गेली, आणि सर्वसाधारण लोकांना विकण्यासाठी उरली अवघी चार हजार तिकिटे. जुन्या क्लबाची जागा नव्या क्लबांनी घेतली होती.

यात मी कोणाला नावे ठेवीत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या संगीत महोत्सवाचे वीस पास माझ्या हाती आले होते आणि शिष्य होते साठ. मी आधी जुन्या शिष्यांना दिले, मग पालकांपैकी जे वर्गासाठी खटपट करीत त्यांना. सतरंज्या घालणारा आणि तबला उचलून नेणारा मुलगा राहून गेला. तो काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यात वर्गाला आला नाही.

विलायतेत फुटबॉलचे प्रेक्षक याबाबतीत निराळे वागतात. लिव्हरपूल क्लबाने २०१६ साली सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरविले, तेव्हा ६ फेब्रुवारीच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. चारच दिवसांत क्लबाने दरवाढ मागे घेतली. तेथे वाटाघाटीला बसणारा तिकीट विकत घेणारा होता. आपल्याकडे भांडण बहुधा फुकटच्या पासांचे असते आणि ते मोठ्या माणसांमध्येच चालते. २०१८ साली आपल्या इंदूरचा वेस्ट इंडिजविरुद्धचा सामना विशाखापट्टणला गेला, तो प्रांतिक असोसिएशन आणि नियामक मंडळ यांच्यातल्या पासांच्या वादामुळेच. त्यावेळी माझे एक विद्यार्थी रांगेत उभे राहण्याची तयारी करून बसले होते. त्यांना कोणी विचारले नाही.

वानखेडे १९८० ते १९८२ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर त्या जागी आले ते नागपूरचेच एन. के. पी. साळवे. १९८३ साली लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला त्यांना दोन जादा पास हवे होते आणि ते नाकारले गेले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. पुढचा विश्वचषक इंग्लंडबाहेर, भारत आणि पाकिस्तानात आणण्याची खटपट त्यांनी त्यातूनच सुरू केली. नागपूरच्या मातीत तिकिटाचा नकार मनाला लावून घेण्याचा काही गुण असला पाहिजे!

त्या १९८७ च्या विश्वचषकाचा भारत-इंग्लंड उपांत्य सामना ५ नोव्हेंबर रोजी वानखेडे मैदानावरच झाला. ग्रॅहॅम गूचने गुडघा टेकून स्वीपचे फटके मारमारून ११५ धावा केल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. विजय मर्चंट त्याच्या नऊ दिवस आधी, २७ ऑक्टोबरला वारले होते. शेषराव वानखेडे ३० जानेवारी १९८८ रोजी गेले. २००९ च्या डिसेंबरात, वानखेडे मैदानाची पुनर्बांधणी चालू असल्याने, श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना छत्तीस वर्षांनी पुन्हा ब्रेबोर्नवर खेळविण्यात आला.

हे सारे मी भालकीच्या त्या दोघांना सांगितले. धाकटीने सगळे ऐकून घेतल्यावर विचारले, की तो मार खाल्लेला तरुण कोण होता. त्याचे नाव मला सांगता आले नाही.