ऑलिव्हर वुलकॉट

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत कनेटिकटचे ऑलिव्हर वुलकॉट हे एक होत. जन्म १७२६ चा. वडील रॉजर वुलकॉट हे इंग्लंडच्या राजाच्या अमदानीत त्याच वसाहतीचे गव्हर्नर होते. १७४७ साली येलची पदवी, पुढे लिचफील्डला शेरीफपद. अशा घराण्याच्या परसात राजाचाच पुतळा वितळावा, हा काळाचा महिमा!

१७७० मध्ये न्यूयॉर्कला तिसऱ्या जॉर्जचा, सोन्याचा मुलामा दिलेला, शिशाचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला होता. ९ जुलै १७७६ रोजी सैन्यासमोर जाहीरनाम्याचे वाचन झाले आणि त्याच दिवशी जमावाने तो पुतळा खाली ओढला. त्याचे बरेचसे तुकडे लिचफील्डला आले. तेथे वुलकॉटांची मुले व गावातील स्त्रिया यांनी शिसे वितळवून, साच्यांत ओतून ४२,०८८ गोळ्या तयार केल्या. त्यांचा नावनिशीवार हिशेब वुलकॉटांच्या दप्तरात राहिला: मेरी ॲन १०,७९०, लॉरा ८,३७८, धाकटा फ्रेडरिक ९३६. युद्ध हरले असते तर राजद्रोहाचा हा पुरावा घरातच होता, तोही लेकरांच्या नावांसकट.

१७९६ साली वुलकॉट वडिलांप्रमाणेच गव्हर्नर झाले आणि १ डिसेंबर १७९७ रोजी त्या पदावर असतानाच निवर्तले. पुतळ्याचे काही अवशेष मात्र गोळ्या होण्यातून वाचले; घोड्याची शेपटी पुढे विल्टनच्या दलदलीत सापडली.