एदोआर्दो वेबर

एदोआर्दो वेबर (जन्म: २९ नोव्हेंबर १८८९, तोरिनो, बेपत्ता: १७ मे १९४५, बोलोन्या) हे इटालियन यंत्र अभियंता आणि उद्योजक होते. शर्यतीच्या व वेगवान मोटारींमध्ये इंजेक्शन पद्धती रूढ होईपर्यंत सर्वाधिक नावाजलेले ठरलेले वेबर कार्ब्युरेटर त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

== प्रारंभीचे जीवन ==
वेबर यांचे वडील स्विस व आई इटालियन होती. तोरिनो येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर ते फियाट कंपनीत रुजू झाले आणि पुढे बोलोन्या शहरात स्थायिक झाले. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल अतिशय महाग होते. त्यामुळे मालमोटारी रॉकेलवर चालाव्यात, यासाठी त्यांनी इंजिनात फेरबदल करण्याचे काम हाती घेतले. वेगाशी जोडल्या गेलेल्या या नावाचा आरंभ इंधनबचतीतून झाला, हे सहसा विसरले जाते.

== कारखाना व दुहेरी नळी ==
१९२३ साली त्यांनी बोलोन्यात कार्ब्युरेटरचा कारखाना स्थापन केला. फियाटच्या प्रचलित गाड्यांवर बसवता येतील असे रूपांतर-संच हे त्याचे सुरुवातीचे उत्पादन होते.

कार्ब्युरेटरच्या नळीचा एक भाग अरुंद असतो. तेथे हवेचा वेग वाढून दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. हा गळा लहान ठेवल्यास मंद गतीत मिश्रण चांगले होते, पण जास्त फेऱ्यांवर इंजिनाला हवा अपुरी पडते. मोठा ठेवल्यास उलट घडते. वेबर यांनी एकाच कार्ब्युरेटरमध्ये दोन वेगळ्या मापांच्या नळ्या दिल्या. नेहमीच्या चालीला लहान नळी पुरे आणि जोर हवा असताना मोठीही उघडे. पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी समान मापाच्या, एकाच वेळी उघडणाऱ्या नळ्यांचे नमुने निघाले. १९३० च्या दशकात माझेराती व अल्फा रोमिओच्या शर्यतीच्या गाड्यांनी वेबर कार्ब्युरेटर स्वीकारले. माझेराती बंधूंचा कारखानाही तेव्हा बोलोन्यातच होता.

== बेपत्ता होणे ==
२१ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्या जर्मन ताब्यातून मुक्त झाले. त्यानंतरच्या अस्थिर आठवड्यांत उत्तर इटलीत सूडाच्या अनेक घटना घडल्या आणि त्यांत काही उद्योजकही मारले गेले. १७ मे रोजी वेबर बेपत्ता झाले. त्यांचे अपहरण करून हत्या झाली असे मानले जाते, मात्र मृतदेह कधीच सापडला नाही. त्या वेळी ते ५५ वर्षांचे होते.

== वारसा ==
कारखाना त्यांच्यामागेही चालू राहिला व १९५२ साली फियाटच्या ताब्यात गेला. १९५० आणि १९५१ सालचे जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या अल्फा रोमिओ गाड्यांवर वेबर कार्ब्युरेटर होते. फेरारी २५० जीटीओच्या बारा सिलिंडरांवर दुहेरी नळीचे सहा कार्ब्युरेटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, अशी रचना होती.

आडव्या नळ्यांची डीसीओई ही मालिका त्यांच्या पश्चात सर्वाधिक गाजली. लोटस एलानवर ४० मिलिमीटर मापाची अशी जोडी बसवलेली असे. या मालिकेची खरी ताकद सुट्ट्या भागांत आहे. गळा, मुख्य जेट, हवेचा जेट आणि या दोहोंमधील छिद्रांची मिश्रणनळी हे सारे भाग बदलता येतात. जेटवरील आकडा छिद्राचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो; ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. मुख्य जेट बदलल्यास त्याच्या कार्यकक्षेत सर्वत्र मिश्रण दाट वा पातळ होते, तर हवेच्या जेटचा परिणाम प्रामुख्याने जास्त फेऱ्यांवर जाणवतो. म्हणून जुळवणी करताना आधी इंजिनाला साजेसा गळा निवडतात, मग जेट ठरवतात आणि सर्व नळ्यांतून सारखी हवा जाते की नाही हे तपासतात. हा क्रम उलटवल्यास जेट कितीही बदलले तरी गाडी सुरळीत चालत नाही. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत ही पद्धत आजही वापरली जाते.