इन्सुलिन शोधणारे डॉ. बँटिंग

मला डॉ. फ्रेडरिक बँटिंग फार आवडतात. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, म्हणजे आपल्या बालदिनाच्याच तारखेला, कॅनडात शेतकऱ्याच्या घरी झाला. त्या काळी मधुमेह झालेली मुले फार दिवस जगत नसत. १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी टोरांटो येथे इन्सुलिन शोधले. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्डला पहिले इंजेक्शन दिले. गुण आला नाही. कॉलिप यांनी औषध आणखी शुद्ध केले. १२ दिवसांनी पुन्हा टोचले अन् पोरगा वाचला! १९२३ साली बँटिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आपल्यातली अर्धी रक्कम बेस्टला दिली. १९४१ साली ते विमान अपघातात वारले.

माझ्या आजीला डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, तेव्हा ती लई घाबरली. मी तिला लिओनार्डची गोष्ट सांगितली. आता ती रोज वेळेवर टोचून घेते.