लेऑन ब्रिल्वाँ : प्रकाशातून ध्वनी वाचणारा शास्त्रज्ञ

जिवंत पेशीला स्पर्शही न करता, ती किती मऊ वा ताठर आहे हे केवळ प्रकाशाच्या साह्याने अजमावणारे सूक्ष्मदर्शक आता काही प्रयोगशाळांत वापरले जातात. त्यामागील सिद्धान्त मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. तो मांडणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑन ब्रिल्वाँ यांच्यासमोर तेव्हा पेशी नव्हत्याच.

७ ऑगस्ट १८८९ रोजी पॅरिसजवळच्या सेव्र येथे त्यांचा जन्म झाला. वडील मार्सेल आणि आजोबा मास्कार हे दोघेही नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. त्यामुळे विज्ञान घरातच होते. पॅरिसमधील शिक्षणानंतर त्यांनी म्युनिचला सॉमरफेल्ड यांच्याकडे अध्ययन केले. प्रकाशाच्या विकिरणावरील पहिले टिपण १९१४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. युद्धकाळ बिनतारी संदेशवहनाच्या कामात गेला. सविस्तर निबंधाला १९२२ साल उजाडावे लागले.

पारदर्शक पदार्थातील रेणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात व त्यातून अतिसूक्ष्म ध्वनिलहरी निर्माण होतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. पदार्थ ताठर असेल तर त्यातून ध्वनी वेगाने जातो आणि हा बदलही वाढतो. पाण्यातून परतणाऱ्या हिरव्या प्रकाशात तो सुमारे पंचाहत्तर हजारांत एक भाग एवढाच असतो! सोव्हिएत शास्त्रज्ञ मांदेलश्ताम यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढून १९२६ साली प्रसिद्ध केला. रशियात या परिणामाला आजही दोघांचे नाव आहे, आणि ते न्याय्यच म्हणावे लागेल. १९३० साली लेनिनग्राडमध्ये ग्रॉस यांनी प्रयोगाने तो सिद्ध केला.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, ब्रिल्वाँ फ्रान्सच्या राष्ट्रीय नभोवाणीचे संचालक झाले. पराभवानंतर सरकारबरोबर ते व्हिशीला गेले खरे. परंतु काही महिन्यांतच राजीनामा देऊन त्यांनी अमेरिका गाठली. पन्नाशी उलटल्यावर परक्या देशात नव्याने उभे राहणे सोपे नव्हते. तेथे त्यांनी माहिती सिद्धान्तावर मोलाचे लेखन केले. ४ ऑक्टोबर १९६९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

लेसर १९६० साली आला, तो त्यांनी पाहिला. नेत्रभिंगावरील मोजमाप १९८० साली प्रसिद्ध झाले, ते त्यांच्या पश्चात. २००८ साली स्कार्चेली व युन यांनी त्रिमितीय चित्रणाची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे पेशीच्या अंतरंगाचेही नकाशे निघू लागले. तथापि पाणीदार पेशीत हा संकेत ताठरपणापेक्षा पाण्याचे प्रमाणच अधिक सांगतो, असा आक्षेप २०१८ साली घेण्यात आला. त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाही.